उतराई : बोलण्याच्या मोबदल्यात समुद्रप्रवास

हिंदीत ‘उतराई’ म्हणजे नदीपार नेणाऱ्या नावाड्याला द्यायचे पैसे. तुलसीदासांच्या रामकथेतील केवट गंगा पार करून दिल्यावर ही उतराई घ्यायला नकार देतो, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. मराठीत ‘उतराई होणे’ म्हणजे कोणाच्या उपकारातून मोकळे होणे. एका भाषेत हा शब्द नावेचे भाडे सांगतो, दुसरीत ऋणाची फेड. भाडे किती हे आधी ठरते. उपकाराची फेड किती, हे कधीच नीट ठरत नाही. जो नावेतून गेला, पण ज्याने भाडे दिले नाही, त्याने उतराई कशी व्हावे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रश्न वाटतो तितका पौराणिक नाही. जगभर फिरणाऱ्या सहलीच्या बोटींवर, ज्यांना आपण आता सरसकट ‘क्रूझ’ म्हणतो, पाहुण्या व्याख्यात्याची एक जागा असते. बोट बंदराला लागत नाही, दिवसभर समुद्रातच असते, अशा दिवशी त्याने प्रवाशांसमोर पाऊणएक तास बोलायचे. विषय पुढच्या बंदराचा इतिहास, एखादे जुने साम्राज्य, आकाशातील तारे, समुद्रातील देवमासे असा काहीही असू शकतो. त्याच्या बदल्यात त्याला केबिन आणि जेवण मिळते, पुष्कळदा सोबत एका व्यक्तीला नेण्याची मुभाही मिळते. रोख मानधन सहसा नसते. बंदरापर्यंतचा विमानखर्च बहुधा ज्याचा त्यानेच करायचा असतो, आणि अशा नेमणुका जुळवून देणाऱ्या काही मध्यस्थ संस्था तर उलट व्याख्यात्याकडूनच दर दिवसाचे शुल्क घेतात. म्हणजे ‘फुकट’ या शब्दाला येथेही बरीच कलमे जोडलेली आहेत.

वरवर पाहता या प्रकाराशी मराठी माणसाचा, त्यातून मागांच्या खडखडाटात जगणाऱ्या भिवंडीचा, काही संबंध दिसत नाही. पण बोलण्याच्या मोबदल्यात प्रवास ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. आणि तिच्यातील सर्वांत मोलाचा अध्याय ज्या घरात सुरू होतो, ते घर आमच्या गावापासून केवळ एका खाडीच्या अंतरावर, कल्याणला आहे.

भिवंडी हे खाडीचे गाव आहे याचा आज विसर पडला आहे. कामवारी नदी, उल्हासची खाडी आणि पुढे वसईचा समुद्र असा येथल्या व्यापाराचा जुना रस्ता. तांदूळ, सुकी मासळी, गवत, लाकूड हा माल पडावांतून याच वाटेने जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख येतो, आणि तोही एका तक्रारीच्या सुरात : पूर्वी हे बंदर खुले होते, आता येथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या ताब्यात आल्यावर या खाडीत लढाऊ जहाजांची बांधणी सुरू झाली. तिच्यासाठी व्हिएगश नावाच्या पोर्तुगीज जाणकारासह शेकडो माणसे कामाला होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने दटावल्यावर ती माणसे काम टाकून निघून गेली. आपले ज्ञान आपण दुसऱ्याला विकू शकतो, पण ते परत बोलावून घेणारा मालक तिसराच असू शकतो, हा धडा या खाडीने तेव्हाच पाहिला आहे. पुढच्या काळात कोकणी मुसलमानांच्या वस्तीत ‘नाखवा’ हे आडनाव राहिले. ते जहाजाच्या ‘नाखुदा’चे, म्हणजे कप्तानाचे.

अशा गावाला बोटीवर चढण्याच्या दोनच रीती ठाऊक असतात. भाडे भरून उतारू व्हायचे, किंवा अंगमेहनत करून खलाशी व्हायचे. तिसरी रीत, म्हणजे केवळ जिभेच्या बळावर पैलतीर गाठण्याची, ही समुद्रावर आली ती जमिनीवरून. तिचे मूळ देवळाच्या सभामंडपात आहे.

कीर्तनकार आणि पुराणिक हे आपल्याकडचे पहिले फिरते व्याख्याते. त्यांचा प्रवास, मुक्काम, जेवण यांची चिंता गाव वाही. कीर्तनाच्या शेवटी आरतीच्या तबकात पडेल ते, शिवाय यजमान देईल ती बिदागी. या व्यवहाराची एक मर्यादा सर्वांना मान्य होती : पोथी कोणती लावायची हे यजमान सांगू शकत असे, पण पोथीचा अर्थ त्याने सांगायचा नाही. निदान तत्त्व असे होते. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे असेच पुराणिक. सारे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पायी फिरत असे. देवळात किंवा नदीकाठी पुराण वाचायचे, श्रोते पोथीपुढे फळे, धान्य, पैसे ठेवतील त्यावर निर्वाह करायचा. पुढे रमाबाईंनी या जीवनाचे वर्णन स्वतःच लिहून ठेवले आहे. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात श्रोत्यांच्याच घरी धान्य उरले नाही तेव्हा ही सारी व्यवस्था कोसळली, आणि आईवडील उपासमारीत गेले. श्रोत्याच्या औदार्यावर चालणाऱ्या प्रवासाचा शेवट कसा होऊ शकतो, हे त्या सोळा वर्षांच्या मुलीने पाहिले होते. तिच्या पुढच्या आयुष्यातील व्यवहारांचा करारीपणा समजून घ्यायचा तर हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता कल्याणकडे वळू. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न. चौदाव्या वर्षी झालेले मूल काही दिवसांतच गेले. त्यांच्या अमेरिकेला जाण्याची कथा श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ मधील कादंबरीने घराघरांत नेली. त्या कथेतील एका दिवसाकडे मात्र आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो दिवस २४ फेब्रुवारी १८८३.

गोपाळरावांची बदली तेव्हा कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला झाली होती. एक विवाहित ब्राह्मण स्त्री एकटी समुद्र ओलांडणार, याची चर्चा चहूकडे सुरू झाली होती आणि तिच्यात कुत्सित सूर बराच होता. आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर सभेत, इंग्रजीतून, उत्तर दिले. त्यांनी सहा प्रश्न स्वतःच मांडले. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्याच का? परतल्यावर जात बहिष्कार घालील त्याचे काय? काही विपरीत घडले तर? आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे? प्रत्येकाचे उत्तर त्यांनी दिले, आणि आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परतणार हेही सांगितले. वय पुरते अठरा नव्हते. या भाषणानंतर मदतीचे हात पुढे आले. टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी जेम्स यांनी निधीसाठी पुढाकार घेतला. आनंदीबाईंनी अंगावरचे दागिने विकलेच होते. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी भाषण झाले, मग वाटखर्च आला. आपण कोणत्या अटींवर जात आहोत हे त्यांनी देणाऱ्यांच्या समोर, चारचौघांत, आधीच सांगून टाकले होते. देणारा ते ऐकून देत होता. त्यामुळे बोटीवर सोबतच्या मिशनरी स्त्रियांनी धर्मांतराचा तगादा लावला, तेव्हा त्यांना नकार देताना आनंदीबाईंवर कोणाचे ओझे नव्हते. अमेरिकेत तर त्यांनी यजमानांना चकितच केले. बालविवाहावर बोला म्हटल्यावर श्रोत्यांची अपेक्षा निषेधाची होती. आनंदीबाईंनी आपल्या देशाच्या चालीचे समर्थन केले. त्यांचे ते मत आज कोणी मान्य करणार नाही. नवव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या मुलीने ते मांडावे याचे दुःखही होते. पण परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर शिकत असताना, श्रोत्यांना हवे ते न बोलण्याची ताकद कुठून आली, याचे उत्तर श्रीरामपूरच्या सभेत सापडते. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

रमाबाईंचा प्रवास त्याच वर्षीचा, १८८३ चा. ‘स्त्रीधर्मनीति’ या १८८२ मधील पुस्तकाच्या उत्पन्नातून त्यांनी बोटीचे भाडे भरले. म्हणजे लिहिलेल्या शब्दाने तिकीट काढले. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांची राहण्याजेवण्याची सोय झाली, आणि तिच्या मोबदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायचे असे ठरले. हा व्यवहार स्वच्छ होता, दोन्ही बाजूंनी बरोबरीचा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि व्यवहाराचे रूप पालटले. आता त्या पाहुण्या राहिल्या नव्हत्या. यजमानांच्या दृष्टीने त्या कन्या झाल्या होत्या, आणि कन्येने ऐकायचे असते.

चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी केलेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्यातील त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मला स्वतःची बुद्धी आहे, विवेक आहे, आपल्याकडच्या पुरोहितांचे जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवले आहे, ते दुसऱ्या पुरोहितांच्या हातून पुन्हा मानेवर घेणार नाही. ज्यांच्या घरी आपण जेवतो त्यांना हे लिहिणे सोपे नाही. पुराणिकाच्या मुलीला बिदागीची किंमत कळत होती, म्हणूनच तिची मर्यादाही कळत होती.

१८८६ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी, रमाबाई अमेरिकेला गेल्या. काही आठवड्यांसाठी ठरलेला मुक्काम पुढे दोन वर्षांहून अधिक लांबला. गावोगाव त्यांची व्याख्याने झाली. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन होऊन विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन मिळाले. परतीच्या वाटेवर, पॅसिफिक ओलांडताना, जपानमध्येही त्या बोलल्या. १ फेब्रुवारी १८८९ रोजी मुंबई, आणि ११ मार्चला ‘शारदा सदन’. या अमेरिकावारीवर त्यांनी मराठीत प्रवासवृत्तही लिहिले. ज्या देशाने आपल्याला ऐकून घेतले, त्याच्या लोकस्थितीची चिकित्सक पाहणी त्यात आहे. त्यांच्या बोलण्यातून जो पैसा उभा राहिला तो शाळेकडे गेला. १८९३ मध्ये शारदा सदनात धर्मांतराला उत्तेजन मिळते असा गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, तेव्हाही रमाबाई आपल्या मतावरून हलल्या नाहीत. इंग्लंडमधील ख्रिस्ती आश्रयदाते आणि पुण्यातील हिंदू सुधारक या दोघांनाही त्यांनी एकच गोष्ट कळवली होती : मदत घेतली आहे, मत दिलेले नाही.

विठ्ठल रामजी शिंदे यांची गोष्ट याहून सौम्य आहे. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माच्या अभ्यासासाठी युनिटेरियन मंडळींची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली, आणि जाण्याच्या खर्चाला सयाजीराव गायकवाडांचे साहाय्य झाले. १९०१ ते १९०३ ते तेथे होते. परतण्यापूर्वी सप्टेंबर १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. देणारे दोन, आणि दोघांनीही बोलण्यावर हात ठेवला नाही. शिंद्यांनी उतराई होण्याचा मार्ग स्वतः निवडला. १९०६ मध्ये त्यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले. ऑक्सफर्डच्या शिक्षणाची ती फेड होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

धर्मानंद कोसंबींच्या वाट्याला मात्र या व्यवहाराची दुसरी बाजू आली. गोव्यातील साखवाळचा हा माणूस बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला आणि जवळ फारसे काही नसताना सिलोन व ब्रह्मदेशापर्यंत जाऊन पाली शिकून आला. १९१० मध्ये हार्वर्डच्या जेम्स वुड्स यांच्या आमंत्रणावरून ते अमेरिकेला गेले. काम होते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन, जे हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. संस्थेने खर्च केला, कोसंबींनी विद्या दिली. पण ग्रंथावर नाव कोणाचे, या प्रश्नावरून चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. पुढे ते आणखी वेळा हार्वर्डला गेले. तो ग्रंथ हार्वर्डच्या मालेत निघाला १९५० मध्ये, वॉरन आणि कोसंबी या दोघांच्या नावांनी. तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती. प्रवासखर्च, राहणे, जेवण यांचा हिशेब लागतो. श्रेयाचा हिशेब या तपशिलात कुठेच बसत नाही, आणि भांडण नेमके तिथे होते.

आता सहलीच्या बोटींकडे परत येता येईल. विद्वानाला बोटीवर सोबत न्यायचे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात हेन्री लन यांच्या ग्रीक सहलींत रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५४ मध्ये, स्वान पितापुत्रांनी ‘हेलेनिक’ सहली सुरू केल्या. त्यांतील व्याख्यात्यांचे म्होरके पुढे अनेक वर्षे सर मॉर्टिमर व्हीलर होते. हे तेच व्हीलर, जे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते आणि ज्यांनी १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळील अरिकामेडूचे उत्खनन करून रोमशी चालणाऱ्या आपल्या व्यापाराचा पुरावा उजेडात आणला. ज्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याण बंदराची तक्रार नोंदलेली आहे, त्याच्याच काळातील व्यापाराचा हा अभ्यासक. त्याच्या तोंडून प्राचीन बंदरांची कथा ऐकत त्या बंदरांना लागणे, हे भाग्य म्हणायला हवे. त्या सहलींत प्रवासी शिकायला येत. व्याख्यान हा त्यांच्या तिकिटाचा गाभा होता.

पुढे दृश्य पालटले. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि बोट हे पोहोचण्याचे साधन राहिले नाही. रिकाम्या झालेल्या बोटी करमणुकीच्या व्यवसायात उतरल्या. मोकळ्या दिवशी प्रवाशांचा वेळ कसा घालवायचा, ही त्या व्यवसायाची अडचण होती. जादूगार, गायक, नाचाचे शिक्षक यांच्या रांगेत व्याख्याताही येऊन बसला. कंपन्या साधारणतः राजकारण आणि धर्मावरील वाद टाळणारे, मन प्रसन्न ठेवणारे विषय पसंत करतात. यात गैर काही नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला सुट्टी हवी असते. व्याख्यात्यालाही जग पाहायला मिळते, आणि निवृत्त प्राध्यापकाच्या निवृत्तिवेतनात न बसणारा समुद्र त्याच्या खिडकीपाशी येतो. फक्त या बोटीवर रमाबाईंना जागा मिळाली असती काय, हा प्रश्न विचारून पाहावा. बालवैधव्य हा विषय दुपारच्या चहाआधी ठेवता येत नाही.

हा प्रश्न परक्यांच्या बोटींपुरता नाही. मराठी साहित्य महामंडळाचे विश्व संमेलन २००९ मध्ये सॅन होजे, २०१० मध्ये दुबई आणि २०११ मध्ये सिंगापूर येथे झाले. २०१२ चे नियोजित टोरांटो संमेलन होऊ शकले नाही. २०१५ चे अंदमानला झाले. या काळात सरकारी अनुदानावर साहित्यिकांनी आणि पदाधिकाऱ्यांनी परदेशवारी करावी काय, यावर बरीच खडाजंगी झाली. वाद रंगला तो ‘फुकट’ या शब्दाभोवती : कोण गेले, किती जण गेले, कोणाच्या पैशाने गेले. तेथे जाऊन कोण काय बोलले, आणि ते घरी बसून बोलता आले नसते काय, यावर मात्र क्वचितच कोणी काही लिहिले. जमाखर्च तपासला गेला. भाषण तपासायचे राहून गेले.

आम्हां अध्यापकांचा संबंध समुद्राशी कमी आणि व्याख्यानमालांशी अधिक. न्या. रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेचा वारसा घेऊन ठाणे जिल्ह्यातील गावोगाव व्याख्यानमाला चालतात. गाडी न्यायला येते, शाल-श्रीफळ मिळते, पाकीट मिळते. पुरस्कर्त्याचे नाव फलकावर वक्त्याच्या नावाहून मोठ्या अक्षरांत असते. यंत्रमागाच्या गावात मजुराच्या कामाच्या तासांविषयी, किंवा १९७० आणि १९८४ च्या दंगलींविषयी, त्या व्यासपीठावरून काय बोलता येते आणि काय आपण आपणहून गाळतो, याचा अनुभव ज्याचा त्याला आहे. कोणी तोंड दाबत नाही. परतीची गाडी बाहेर उभी असते, एवढेच पुरते.

म्हणून फुकट प्रवासाला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. पदरचे भाडे भरून गेलेला माणूसही मिंधा असू शकतो, आणि वर्गणीवर गेलेली अठरा वर्षांची मुलगीही स्वतंत्र असू शकते. आनंदीबाईंनी अटी आधी सांगितल्या. रमाबाईंनी मुक्कामात असतानाच मर्यादा आखली. शिंद्यांनी फेड कुठे करायची ते स्वतः ठरवले. कोसंबींनी श्रेय मिळेना तेव्हा परतीची वाट धरली. चौघांच्या रीती वेगळ्या, पण जे आपल्याला घेऊन गेले त्यांना ‘नाही’ म्हणण्याचा हक्क चौघांनीही आपल्याजवळ ठेवला. भाडे देणाऱ्याला आपला वेळ देता येतो, विद्या देता येते, कृतज्ञताही देता येते. तेवढ्यात उतराई होत असेल तर खुशाल बोटीवर चढावे. त्याहून अधिक काही मागितले जात असेल, तर पूल बांधून होईपर्यंत अलीकडच्या काठावर थांबणे काही वाईट नाही.